नत्राचा हप्ता आणि पुढचे पाच दिवस

पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपल्याकडचे तरणा आणि म्हातारा, ही दोन नक्षत्रे मराठवाड्यातल्या कापसाच्या नत्रासाठी, म्हणजे नायट्रोजन खतासाठी, वर्षातली सर्वांत महत्त्वाची आहेत, असे माझे मत आहे. जूनच्या मध्यावर लावलेली सरकी या काळात महिन्याची होते, पहिली खुरपणी आणि कोळपणी आटोपलेली असते आणि वरखताच्या, म्हणजे उभ्या पिकाला द्यायच्या खताच्या, पहिल्या हप्त्याची वेळ येते. शिफारशीच्या पुस्तिकेत ‘पेरणीनंतर ३० दिवसांनी’ एवढेच लिहिलेले असते आणि ते योग्यच आहे, कारण ती तारीख झाडाच्या भुकेवरून ठरलेली असते. परंतु त्या दिवशी टाकलेले नत्र झाडाच्या मुळाशी जाते, हवेत उडते की पाण्याबरोबर निघून जाते, हे त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत पाऊस कसा पडतो यावर अवलंबून असते. हवामानाचा अंदाजही साधारण तेवढ्याच मुदतीपर्यंत सर्वांत भरवशाचा असतो. म्हणून हप्त्याचा आठवडा पिकाच्या वयावरून ठरवावा आणि हप्त्याचा दिवस मात्र अंदाज वाचून ठरवावा, या एका गोष्टीबद्दल मला आज सविस्तर लिहायचे आहे.

आधी आपल्या जमिनीविषयी. मराठवाड्यातली भारी काळी राने चिकणमातीची, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) आहेत. त्यांचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. पालाश (पोटॅश) त्यांत भरपूर असते, परंतु सेंद्रिय कर्ब कमी आणि त्यामुळे नत्रही कमी. मृद आरोग्य पत्रिकेवर उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर ‘कमी’ असा शेरा येतो, आणि आमच्या भागातल्या पत्रिकांवर हा शेरा नसणे हीच अपवादाची गोष्ट आहे. म्हणजे पीक बरेचसे आपण बाहेरून दिलेल्या नत्रावर जगते, आणि ते बहुतेक वेळा युरियाच्या रूपाने दिले जाते. ४५ किलोच्या एका गोणीत ४६ टक्के या हिशेबाने २०.७ किलो नत्र असते. कोरडवाहू बीटी कापसाला हेक्टरी १२० किलो नत्र धरले तर एकराला ४८ किलो, म्हणजे सगळे नत्र युरियातून द्यायचे ठरवल्यास सव्वादोन गोण्यांहून थोडे अधिक. यातला किती भाग खरोखर पिकाच्या पोटात जातो? टाकलेल्या नत्रापैकी पिकाने घेतलेला भाग सर्वसाधारणपणे ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास धरला जातो. उरलेल्यातले काही जमिनीत राहते आणि बरेचसे हातून जाते.

ते कसे जाते हे नीट समजल्याशिवाय अंदाज वाचण्याला अर्थ नाही. युरियाचा दाणा ओलसर मातीवर पडला की विरघळतो आणि मातीतल्या युरिएज या विकरामुळे त्याचे अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. आपल्याकडच्या जुलैच्या उष्ण, दमट मातीत हे रूपांतर तीन ते पाच दिवसांत बहुतांशी पूर्ण होते. हे होत असताना दाण्याभोवतीच्या मातीचा सामू आणखी वाढतो, आणि मुळातच चुनखडीमुळे सामू जास्त असलेल्या आपल्या मातीत अमोनियम सहज अमोनिया वायू बनून उडून जातो. दाणा पृष्ठभागावरच राहिला, माती वरून जेमतेम ओली असली, ऊन पडले आणि वारा सुटला, तर प्रतिकूल परिस्थितीत टाकलेल्या नत्राचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अशा रीतीने हवेत जाऊ शकतो. तोच दाणा मातीआड झाला, पाच-सात सेंटिमीटर खोल गेला, तर निघालेला अमोनिया वरच्या मातीलाच धरून राहतो आणि उडत नाही.

एकदा अमोनियम झाले की आपली काळी माती ते चांगले धरून ठेवते, कारण चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि अमोनियमवर धन भार. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मातीतले जिवाणू या अमोनियमचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असल्याने त्याला माती धरत नाही; ते पाण्याबरोबर चालते. हलक्या, मुरमाड रानात ते खाली निचरून जाते. भारी काळ्या रानात पाणी सावकाश मुरते, त्यामुळे तिथे निचऱ्यापेक्षा दुसरा धोका मोठा असतो. पाणी साचून माती चिबडली की एक-दोन दिवसांत तिच्यातला प्राणवायू संपतो आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू करून टाकतात. यालाच विनायट्रीकरण म्हणतात. यातला नायट्रस ऑक्साइड हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करणारा वायू आहे. शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले नत्र असे वातावरणाच्याही माथी बसते.

नीमलेपित युरियाविषयी एक गैरसमज सर्वत्र दिसतो, म्हणून येथेच सांगतो. २०१५ पासून देशात तयार होणारा सर्व युरिया नीमलेपित असणे बंधनकारक झाले. या लेपाचे मुख्य काम अमोनियमचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करणे हे आहे. म्हणजे अतिवृष्टीत आणि साचलेल्या पाण्यात होणारे नुकसान त्याने काही प्रमाणात टळते, परंतु पृष्ठभागावरून अमोनिया उडण्यावर त्याचा फारसा इलाज चालत नाही. ‘आता नीम लावलेला आहे, वर फेकला तरी चालतो’ हे मी अनेकदा ऐकतो, आणि तसे नाही हे दरवेळी सांगतो.

तर मग युरिया टाकल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत दोन परस्परविरोधी धोके आहेत. पाऊस फारच कमी झाला, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची भुरभुर झाली, तर दाणा विरघळतो पण खाली जात नाही. ही सर्वांत वाईट अवस्था होय. कोरड्या ठणठणीत मातीवर पडलेला दाणा त्या मानाने सुरक्षित असतो, कारण ओल नसेल तर विकराचे काम जवळजवळ थांबलेले असते. पाऊस फारच जास्त झाला तर न बदललेला युरियाच पाण्याबरोबर वाहून जातो किंवा मुळांच्या खाली जातो, कारण युरियावर कोणताच भार नसल्याने पहिल्या एक-दोन दिवसांत तोही नायट्रेटसारखाच पाण्यामागे चालतो. या दोहोंच्या मधला पाऊस आपल्याला हवा असतो. युरिया टाकल्यापासून दोन दिवसांच्या आत १० ते २० मिलिमीटरचा शांत पाऊस व्हावा आणि नंतरचे तीन दिवस मुसळधार नसावी, हा माझ्या दृष्टीने आदर्श योग आहे. १० मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर एक लाख लिटर पाणी. वापसा असलेल्या, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशा, काळ्या मातीत ते युरियाला मुळांच्या वरच्या थरात नेऊन सोडायला पुरेसे असते.

असा योग अंदाजात ओळखायचा कसा, हा खरा व्यवहाराचा प्रश्न आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. तिच्यात पुढच्या पाच दिवसांचा जिल्हावार अंदाज आणि पीकवार सल्ला असतो. ‘मेघदूत’ हे ॲप २०१९ मध्ये आले आणि त्यावरही हीच माहिती मराठीत मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज देणे सुरू झाले. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत अंदाज प्रणाली कार्यान्वित झाली. तिच्यात गणिताची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. ही प्रगती खरी आहे आणि तिचे मोल मला मनापासून वाटते. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर उठणारा ढग एका शिवारात ४० मिलिमीटर ओततो आणि ओढ्यापलीकडचे शिवार कोरडे ठेवतो, हे ६ किलोमीटरच्या चौकटीतही पूर्णपणे सापडणारे नाही.

म्हणून अंदाजाची भाषा तिच्या व्याख्येसह वाचावी लागते. ‘तुरळक ठिकाणी’ असे लिहिलेले असते तेव्हा त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश ठिकाणी पाऊस अपेक्षित असतो. ‘बहुतांश ठिकाणी’ असेल तर तीन चतुर्थांशांहून अधिक ठिकाणी. तुरळक ठिकाणच्या हलक्या पावसाच्या भरवशावर युरिया फेकून ठेवणे म्हणजे चारातल्या तीन शक्यता आपल्या विरुद्ध असताना भुरभुरीला आमंत्रण देणे होय. अशा अंदाजात मी मातीआड केल्याशिवाय एक दाणाही टाकत नाही. दुसरी गोष्ट पावसाच्या वर्गवारीची. चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम आणि ६४.५ पासून पुढे मुसळधार. नत्राच्या दृष्टीने यातला ‘मध्यम’ हा वर्ग फारच रुंद आहे. १८ मिलिमीटरचा मध्यम पाऊस युरियाला मुळाशी नेतो. ६० मिलिमीटरचा मध्यम पाऊस, आधीच भिजलेल्या काळ्या रानावर पडला तर, पट्ट्यापट्ट्यांत पाणी उभे करतो. पत्रिकेच्या तक्त्यात दिवसवार मिलिमीटरचे आकडे असतात. शब्द वाचून न थांबता ते आकडे पाहावेत आणि पाच दिवसांची बेरीज करावी. पिवळा किंवा नारंगी इशारा असेल तर त्या जिल्ह्यात कुठेतरी मुसळधार होण्याची शक्यता आहे असे समजून हप्ता पुढे ढकलावा.

बेरीज करताना मागच्या आठवड्याचा पाऊसही मांडावा लागतो, आणि येथे बहुतेक जण चुकतात. पुढच्या पाच दिवसांत ३० मिलिमीटर पडणार असेल तर ते चांगले की वाईट, हे रान आज किती ओले आहे त्यावर ठरते. चांगल्या वापशावरच्या रानाला तेवढा पाऊस मानवतो. दोन आठवड्यांच्या झडीने तुडुंब झालेल्या रानाला मानवत नाही. महावेध प्रकल्पातली स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळ पातळीवर पाऊस मोजतात, परंतु मंडळाचे केंद्र आपल्या शेतापासून पाच-सात किलोमीटरवर असू शकते. म्हणून साधे प्लास्टिकचे पर्जन्यमापक मोकळ्या जागी, झाडापासून आणि गोठ्याच्या पत्र्यापासून दूर उभे करावे आणि रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद घ्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. हवामान खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच मोजला जातो, त्यामुळे दोन्ही आकड्यांची तुलना करता येते. एका हंगामाची वही भरली की अंदाज आपल्या शिवारात कोणत्या बाजूला चुकतो हे दिसू लागते, आणि ते कळणे हे अंदाज अचूक असण्याइतकेच उपयोगाचे आहे.

अंदाज चुकतो, मग तो कशाला पाहायचा, असा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारते. गेल्या हंगामात शेजारच्या शिवारातले अण्णा बांधावर भेटले. घरात युरिया आणून ठेवलेला आणि आभाळ दाटलेले. ते म्हणाले, “आभाळ भरून यायलंय, आत्ताच टाकून घेतो. पाऊस पडला की आपोआप मुरंल.” मी म्हणालो, “अण्णा, उद्या-परवा नारंगी इशारा हाय. दोन दिवस दम धरा, वापसा झाला की टाका.” ते थांबले. पाऊस झाला खरा, परंतु इशाऱ्याच्या मानाने कमी. तेव्हा टाकला असता तरी चालले असते, असे ते नंतर म्हणाले, आणि ते बरोबरच होते. तरीही थांबण्याचा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते, कारण दोन्ही बाजूंच्या चुकीची किंमत सारखी नसते. महिन्याच्या कापसाला हप्ता पाच-सहा दिवस उशिरा मिळाला तर त्याचे फारसे बिघडत नाही. कापसाची नत्राची मोठी मागणी पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्यापासून बोंडे भरेपर्यंत असते. उलट मुसळधारीच्या आदल्या दिवशी टाकलेला हप्ता वाहून गेला तर गोणी, मजुरी आणि हंगामाचा तो टप्पा, तिन्ही गेले. अंदाज दहापैकी तीन-चार वेळा चुकला तरी हा व्यवहार थांबणाऱ्याच्या फायद्याचाच राहतो.

दुसऱ्या हप्त्याला, म्हणजे साठ दिवसांच्या सुमारास, मात्र हा हिशेब बदलतो. तेव्हा झाडाची भूक तीव्र असते आणि पंधरा दिवस वाट पाहणे परवडत नाही. झड लागूनच राहिली आणि अंदाजात उघडीप दिसत नसेल, तर हप्त्याचे दोन भाग करून पहिला भाग मिळेल त्या अर्ध्या दिवसाच्या उघडिपीत, झाडापासून चार बोटे अंतरावर खड्डा करून, मातीआड द्यावा. मजूर जास्त लागतात हे मला मान्य आहे. पण ज्या वर्षी रान कोरडे होतच नाही त्या वर्षी दुसरा मार्ग दिसत नाही.

सोयाबीनविषयी थोडेच सांगायचे आहे, पण ते महत्त्वाचे आहे. सोयाबीनला पेरणीबरोबर हेक्टरी ३० किलो नत्र पुरते, पुढचे नत्र मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतून मिळवतात. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचून पीक पिवळे पडले की कृषी सेवा केंद्रातून युरियाची गोणी उचलली जाते. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे आधी पाहावे. खालची, जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. वरची, कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील तर लोहाची, जी आपल्या चुनखडीच्या चिबडलेल्या रानात नेहमी दिसते. दोन्ही वेळा मूळ दुखणे मुळाला हवा न मिळण्याचे असते. चर काढून पाणी बाहेर काढणे, वापसा येताच कोळपे घालणे आणि पुढे चार दिवस उघडीप आहे का ते पाहणे, हे उपाय आधीचे. बहुतेक वेळा उघडीप मिळाली की गाठी पुन्हा कामाला लागतात आणि पीक स्वतःच सावरते. रुंद वरंबा सरीवर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी काढणाऱ्या सऱ्या असलेल्या रुंद वाफ्यावर, पेरलेल्या सोयाबीनमध्ये हा प्रश्न मुळातच कमी येतो, आणि माझ्या मते मराठवाड्यातल्या भारी रानांसाठी हे नत्र वाचवण्याचेही सर्वांत स्वस्त तंत्र आहे, जरी त्याच्या प्रचारात नेहमी फक्त पाण्याचाच उल्लेख होतो.

हंगामाच्या सुरुवातीकडे वळतो, कारण तिथे एक असे नत्र आहे जे आपण विकत आणलेले नसते आणि म्हणूनच त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या मातीवर पहिला चांगला पाऊस पडला की मातीतले जिवाणू एकदम जागे होतात, उन्हात मेलेल्या जिवाणूंचे आणि सुटलेल्या सेंद्रिय पदार्थाचे झपाट्याने विघटन होते आणि थोड्याच दिवसांत मोठ्या प्रमाणात अमोनियम आणि मग नायट्रेट तयार होते. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले; त्याच्या नावानेच हा परिणाम ओळखला जातो. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसानंतर उगवलेले पीक आणि तणही एवढे गर्द हिरवे का दिसते, याचा एक मोठा भाग यात आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि महाराष्ट्रात मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला. अशा वर्षी हे फुकटचे नत्र रान मोकळे असतानाच तयार होते, आणि पेरणीपर्यंत पुन्हा मुसळधार झाली तर त्यातले बरेच हातचे जाते. म्हणून मे महिन्यात रान भिजले असेल तर जूनमध्ये पेरणीच्या वेळचे नत्र कमी करण्याचा मोह टाळावा. आणि मृगाच्या पावसावर वेळेत पेरणी साधली असेल तर पहिला हप्ता घाईने देऊ नये, कारण जमीन स्वतःच पिकाला काही दिवस पुरवत असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला दुबार पेरणी टाळण्यासाठी आहे, परंतु पेरणीसोबतचे खतही त्यामुळेच वाचते हे लक्षात घ्यावे.

पावसाचा खंड हा मराठवाड्याचा जुना आजार. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि तेव्हा अनेकांच्या घरात दुसऱ्या हप्त्याचा युरिया तसाच पडून होता. कोरड्या मातीत टाकलेल्या नत्राचा पिकाला काहीच उपयोग नसतो, कारण नत्र मुळापर्यंत पाण्याबरोबरच जाते. अशा वेळी पाच दिवसांचा अंदाज अपुरा पडतो. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, तो पाहावा. त्यात दिवस सांगितलेला नसतो आणि आकड्यांवर विसंबू नये, परंतु पुढचे दोन आठवडे सरासरीपेक्षा कोरडे की ओले, एवढी दिशा त्यातून कळते. खंड लांबणार असे दिसत असेल तर जमिनीतला हप्ता राखून ठेवावा आणि दरम्यान पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे १३:००:४५ ची, एक टक्क्याची फवारणी करावी. दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम. युरियाची दोन टक्क्यांची फवारणीही चालते. पानातून दिलेले नत्र फार थोडे असते, ते हप्त्याची जागा घेऊ शकत नाही, परंतु पीक तगून राहते. खंड सप्टेंबरपर्यंत गेला तर तो हप्ता द्यायचाच नाही, हाही एक पूर्ण विचाराअंती घेतलेला निर्णय असू शकतो. उत्पन्नाची आशा कमी झालेल्या पिकावर ठरलेले खत टाकून मोकळे होण्याची सवय मला पटत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड आणि लातूर भागांत पुराने जे झाले त्याच्यापुढे हप्त्याची चर्चा अपुरी पडते, याची मला जाणीव आहे. जिथे वरचा थरच खरवडून गेला तिथे अनेक वर्षांचे सेंद्रिय नत्र गेले आणि ते एका हंगामात परत येणारे नाही. तिथे शेणखत, गाळ, हिरवळीची पिके आणि तुरीसारखी द्विदल आंतरपिके यांचाच आधार घ्यावा लागेल.

ऊस आणि हळद यांच्याबाबतीत पाणी आपल्या हाती असते, म्हणून अंदाजाची गरज कमी असे समजले जाते. वसमत, औंढा भागातल्या हळदीला हेक्टरी २०० किलो नत्र आणि सुरू हंगामातल्या उसाला २५० किलो, म्हणजे कापसाच्या जवळपास दुप्पट नत्र दिले जाते. जिथे मात्रा मोठी तिथे नुकसानही मोठे. ठिबकमधून आठवड्याला थोडे थोडे युरियाचे द्रावण सोडणाऱ्याने मुसळधारीच्या इशाऱ्यात त्या आठवड्याचा डोस वगळून पुढच्या आठवड्यात द्यावा. यंत्रणा आहे म्हणून वेळापत्रक पाळत राहू नये. रब्बी ज्वारीचे नत्र कोरडवाहूत पेरणीबरोबरच पाभरीने एकदाच पेरून द्यायचे असते, तिथे अंदाजाचा उपयोग फक्त परतीचा पाऊस संपला की नाही हे पाहण्यापुरता.

हे सगळे करायचे तर युरिया योग्य दिवशी घरात असायला हवा, आणि आमच्या भागातली सर्वांत मोठी अडचण तीच आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते असे कागदावर आहे. प्रत्यक्षात जुलैच्या ऐन गर्दीत दुकानात ‘स्टॉक नाही’ असे उत्तर मिळते किंवा सोबत नको असलेली दुसरी उत्पादने घ्यायला लावली जातात. पावसाची योग्य वेळ दोन दिवसांची असते आणि गोणी आठ दिवसांनी मिळते. तेव्हा शक्य असेल त्याने जूनमध्येच गरजेपुरता युरिया आणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, झाकून ठेवावा. युरिया हवेतली ओल शोषतो, त्यामुळे फोडलेली गोणी पावसाळ्यात फार दिवस टिकत नाही. गरजेपुरता, या शब्दावर माझा भर आहे. अनुदानामुळे युरिया स्वस्त वाटतो आणि वाया गेला तरी मनाला लागत नाही, परंतु केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेटचे प्रमाण गंभीर असलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि बीड यांची नावे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्या नायट्रेटला सांडपाणी आणि जनावरांचे मलमूत्रही कारण असते, तरी शेतातून निचरलेले नत्र त्यात आहेच, आणि ते पाणी आपल्याच घरातली लेकरे पितात.

कृषी हवामान पत्रिका तयार करणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. पत्रिकेत ‘वापसा असताना खताचा हप्ता द्यावा’, ‘पावसाची शक्यता असल्याने खत देणे पुढे ढकलावे’ असे सल्ले असतातच. परंतु ते जिल्ह्याला उद्देशून असतात, आणि एकाच परभणी जिल्ह्यात जिंतूरचे डोंगरपट्ट्यातले हलके रान आणि गोदाकाठचे पाथरीचे भारी रान यांना एकच सल्ला लागू होत नाही. महसूल मंडळवार गेल्या सात दिवसांचा मोजलेला पाऊस आणि पुढच्या पाच दिवसांचा अपेक्षित पाऊस हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत आणि त्यांच्यापुढे हलके, मध्यम आणि भारी रान यांसाठी ‘नत्र द्यावे’, ‘मातीआड द्यावे’ किंवा ‘थांबावे’ यांपैकी एक शब्द लिहावा. मोजलेला पाऊस आजही उपलब्ध आहे, अंदाज उपलब्ध आहे, जमिनींचे नकाशेही आहेत. मंगळवारच्या आणि शुक्रवारच्या पत्रिकेत एवढा एक तक्ता वाढवला, तर तो गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे काम आमच्यासारखे लोक आनंदाने करतील.